फिरकीचा तांब्या आणि पर्यावरणपूरक सभा

चौसाळ्याच्या बसम्मा शेटेला वयाच्या साठाव्या वर्षी पर्यावरणाचा पुळका आला, तो एका मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता. तीन वाजेपर्यंत तिचा आणि पर्यावरणाचा काडीचाही संबंध नव्हता. पर्यावरणाचंही तिच्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

बसम्मा गावातल्या महिला बचत गटांच्या संघाची अध्यक्ष. अडतीस गट, चारशे बाया आणि वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणावर वार्षिक सभा. ही सभा कशी घ्यायची ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे ग्लास, पाहुण्यांपुढं पाण्याच्या बाटल्या आणि वीस फुटांच्या फ्लेक्सवर बसम्माचा हात जोडलेला फोटो, एवढं जमलं की सभा झाली. गेल्या वर्षी सभेच्या दुसऱ्या दिवशी वारं सुटलं आणि शेकड्यांनी ग्लास हायवेवर धावायला निघाले. म्हाळूच्या शेळीच्या शिंगात एक ताटली अडकली, ती दोन दिवस निघेना. शेळी दिसली की लोक विचारायचे, ही कोणत्या गटाची सदस्य. बसम्मा म्हणाली, एवढ्या मोठ्या कार्यात एखादी शेळी इकडंतिकडं व्हायचीच.

यंदा तालुक्याच्या कार्यालयातून पत्र आलं की सभा पर्यावरणपूरक पद्धतीनं घ्यावी. बसम्माची सून प्रणिता संघाची सचिव. बी.ए. झालेली, पत्रातलं एकही अक्षर न गाळता वाचणारी. ती ओट्यावर बसून सूचना वाचत होती आणि बसम्मा शेंगा फोडत होती. फ्लेक्स लावू नये, हे ऐकून बसम्माचं तोंड वाकडं झालं. पुष्पगुच्छ देऊ नयेत, बाटलीबंद पाणी ठेवू नये, सभा दिवसाउजेडी घ्यावी, वाहनं वाटून घ्यावीत, इथवर तिला दोन जांभया आल्या. मग सातवी सूचना आली. सहभागींनी शक्यतो स्वतःचे ताट, वाटी व पाण्याचे भांडे घरून आणावे.

बसम्माच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. तिनं ती सूचना पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, “म्हंजे चारशे बायांच्या घरची भांडी एका जागी येणार?”

“व्हय, आत्याबाई.”

“समोरच्या बी घरची?”

“समोरच्या बी.”

“मग ते 'शक्यतो' काढून टाक,” बसम्मा म्हणाली आणि मांडीवरची टरफलं झटकून उभी राहिली. सव्वातीन वाजले होते.

या पुळक्याचं मूळ एका तांब्यात होतं. बसम्मा धारूरच्या डोंगराकडची लेक. लग्नात आईनं तिला एक फिरकीचा पितळी तांब्या दिला होता. झाकण फिरवून बसवलं की एसटीनं कितीही आदळआपट केली तरी थेंब सांडायचा नाही, असा. बुडाशी ठिपके ठोकून आईचं नाव घातलेलं, गौराबाई. पुढं आई गेली, माहेरचं घर भावांनी पाडून स्लॅबचं बांधलं, जुनं किडूकमिडूक भंगारवाल्यानं नेलं. आईचं म्हणून जे काही उरलं ते तेवढंच.

असला जीव की प्राण तांब्या बसम्मानं उभ्या जन्मात एकाच माणसाला उसना दिला, तो सायराला. सायरा म्हणजे समोरच्या चाँदभाई फळवाल्याची बायको. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आल्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीनं रांधलं, एकीची लेकरं दुसरीच्या पाटावर जेवली. अकरा वर्षांपूर्वी सायरा अजमेरला निघाली तेव्हा बसम्मानं आपण होऊन तांब्या तिच्या हातात ठेवला. सायरा परतली त्या दिवशी बसम्मा कपिलधारच्या यात्रेला गेलेली. तिकडून आली ती गल्लीतल्या बबिताच्या वास्तुशांतीच्या धांदलीत सापडली, आणि तांब्याची आठवण झाली तेव्हा आठवडा उलटला होता. सायरा म्हणाली, मी कवाच आणून दिला, मधल्या खोलीत दुकानाच्या भांड्यांच्या ढिगात ठेवला, तुझ्या मालकांच्या देखत. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, ठेवला असंल, मला काय ध्यानात न्हाई. बसम्मानं मधली खोली उलथीपालथी केली. तांब्या नव्हता. मग भर गल्लीत ती बोलून गेली की ठेवला असता तर त्याला काय पाय फुटले?

सायरानं ते ऐकलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून समोरासमोरच्या दोन दारांतून अकरा वर्षं एक शब्द इकडचा तिकडं गेला नाही.

खरं सांगायचं तर बसम्माला तांब्यापेक्षा सायराचीच आठवण जास्त यायची. दुपारी चहा टाकताना हात अजून दोन कपांचं पाणी घ्यायचा. पण हे कबूल करायचं म्हणजे आपण चुकलो असंही निघायला नको का? ते निघत नव्हतं. म्हणून तांब्या सायराच्याच घरात आहे, हे तिनं अकरा वर्षं गच्च धरून ठेवलं होतं. आता सातव्या सूचनेनं तिला वाट दाखवली. बाई चारचौघीत भांडं न्यायची झाली की घरातलं सगळ्यात देखणं भांडं काढते, हा बसम्माचा साठ वर्षांचा अनुभव. सायरा तांब्या आणणार. तो चारशे बायांच्या देखत हाती लागणार.

दुसऱ्या दिवसापासून बसम्मानं गाव पिंजून काढलं. दारोदारी जाऊन ती पर्यावरण समजावू लागली. तिच्या सांगण्यातून पर्यावरणाचं जे रूप उभं राहिलं ते काहीसं पितळेच्या बाजूला झुकलेलं होतं. स्टील चालेल, पण पितळ जास्त पर्यावरणपूरक. तांब्या झाकणाचा हवा, कारण पटांगणात धूळ फार. झाकण फिरकीचं असेल तर मग बघायलाच नको. प्रणितानं हळूच सांगून पाहिलं की पत्रात फिरकीचा उल्लेख नाही. बसम्मा म्हणाली, तालुक्याच्या लोकांना काय कळतंय, ते बाटलीनं पाणी पितात.

प्रणिता खरोखर मनापासून कामाला लागली होती, त्यामुळं तिची पंचाईत झाली. तिनं सुचवलं की धारूरकडून पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणू, जेवण झालं की खतात जातील, कुणाला भांडी वाहायला नकोत. कुठलाही पर्यावरणवादी या सूचनेवर खूश झाला असता. बसम्मा मात्र ताडकन म्हणाली, “पळसाला तरास कावून द्यायचा? पान तोडलं की झाडाला दुखतं.” प्रणितानं केळीच्या पानांचं नाव काढलं, तर केळीलाही दुखू लागलं. पाण्याचे रांजण भरून ठेवू म्हटलं, तर रांजणात मच्छर होतात. बोलता बोलता प्रणितानं हे सगळं तालुक्याच्या मॅडमना फोनवर सांगितलं. मॅडम इतक्या भारावल्या की झाडाचं पानही न तोडणाऱ्या अध्यक्षबाईंना बघायला त्या स्वतःच यायच्या ठरल्या.

समोरच्या घरी निरोप द्यायला बसम्मा स्वतः कशी जाणार? तिनं तीन वेगवेगळ्या बायांना तीन वेळा धाडलं. तिसरी परत येऊन म्हणाली, सायराबी म्हणत्यात, मला पयल्याच खेपेला ऐकू आलं होतं.

या सगळ्यात बसम्माच्या शेजारी झेंड्याच्या काठीसारखी उभी होती ती बबिता. वास्तुशांतीवाली तीच ही. बसम्मा हो म्हणाली की बबिता दोनदा हो म्हणायची. तांब्याच्या प्रकरणात गेली अकरा वर्षं तीच जास्त तापलेली असायची. “अक्का, तिच्या माळ्यावर हाय बघ तांब्या. माझं मन सांगतंय,” असं ती दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायची. तिचं मन माळ्यापर्यंत बरोबर पोचलं होतं. माळा कुणाचा, एवढ्यातच गफलत होती.

बसम्माचे मालक शिवलिंगप्पा यांच्याकडं फलकाचं काम आलं. त्यांचं भांड्यांचं दुकान. आहेराच्या भांड्यांवर यंत्रानं नावं घालून देण्यात त्यांची हयात गेली. समोर भांडं आलं की नाव घालायचं, खाली तारीख टाकायची, मान वर करायची नाही, हा त्यांचा खाक्या. एकदा एक गिऱ्हाईक आपला जेवणाचा डबा काउंटरवर ठेवून चहाला गेलं, तर परत येईतो डब्यावर 'सप्रेम भेट' पडलेलं. आता फ्लेक्सच्या जागी बसम्माच्या चार जुन्या साड्या जोडून त्यावर त्यांनी चुन्यानं 'पर्यावरणपूरक वार्षिक सभा' लिहिलं, आणि सवयीप्रमाणं खाली तारीख टाकली.

सभेच्या आदल्या दिवशी बसम्मानं प्रणिताला विषयपत्रिकेत एक ठराव घालायला लावला. सगळ्यांची भांडी एकाच जागी घासायची, पाणी वाचतं. मग अध्यक्षांनी माईकवर एकेक नाव वाचून भांडं ज्याचं त्याला द्यायचं. आणि कुणाकडं दुसऱ्याचं भांडं निघालं, तर तिनं भर सभेत उभं राहून कान धरायचे. प्रणितानं विचारलं, याचा पर्यावरणाशी काय संबंध? बसम्मा म्हणाली, “ज्याची वस्तू त्याच्याकडं गेली की नवी घ्यावी लागत न्हाई.” प्रणितानं ठराव लिहून घेतला, कारण हे पत्रातल्या कोणत्याही सूचनेपेक्षा बरं होतं.

सभेचा दिवस उजाडला. वाडीवस्तीवरच्या बाया जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्या. वाहनं वाटून घ्यावीत ही सूचना त्यांना कळलीच नव्हती. एका जीपमध्ये अठराजणी हे त्या जन्मापासून करत होत्या. वाहनातून एकट्या आल्या त्या फक्त तालुक्याच्या मॅडम. त्यांना गुच्छाऐवजी मेथीच्या दोन जुड्या देण्यात आल्या. मॅडमनी त्या असल्या प्रेमानं पोटाशी धरल्या, की आजवर एकाही गुच्छाच्या नशिबी तसला मान आला नसेल. भाषणभर त्यांनी जुड्या खाली ठेवल्या नाहीत.

सायरा आली ती शाईस्ताला, म्हणजे धाकट्या लेकीला, बरोबर घेऊन. तिसऱ्या रांगेत बसली. बसम्मानं मंचावरून मान उंच करून पाहिलं. सायराच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं ताट दिसत होतं, फडक्याला मध्ये चांगला फुगवटा होता. मॅडम जागतिक तापमानवाढीवर बोलत होत्या, आणि अध्यक्षबाई त्या फुगवट्याकडं बघून घामाघूम होत होत्या.

कान धरायचा ठराव हात वर करून मंजूर झाला. बायांनी दोन्ही हात वर केले. बबितानं तर उभं राहून केले.

जेवणाला गव्हाची गोड हुग्गी होती, ज्वारीच्या भाकरी, आमटी आणि मिरचीचा ठेचा. सायरानं फडकं सोडलं. बसम्मा वाढायच्या निमित्तानं तिसऱ्या रांगेपर्यंत जाऊन आली. फुगवट्यातून निघाला एक साधा स्टीलचा पेला आणि उपडी घातलेली वाटी. हुग्गीचा डाव हातात धरून बसम्मा तशीच उभी राहिली. सायरानं वर न बघता ताट पुढं केलं आणि बसम्मानं त्यात हुग्गी वाढली, अकरा वर्षांनी पहिल्यांदा. परत येताना बसम्माला वाटून गेलं, तांब्या गेला खड्ड्यात, तिथंच बसावं आणि हिच्याच ताटात जेवावं. पण ती मंचावर गेली.

मग तीन घंगाळांत पाणी भरून राखेनं आणि रिठ्यानं भांडी घासली गेली, पाणी शाळेच्या झाडांना दिलं गेलं आणि घासलेल्या भांड्यांचा ढीग मंचासमोर चकाकत उभा राहिला. बसम्मानं माईक हातात घेतला. प्रणिता एकेक भांडं देऊ लागली. पहिली वीस-पंचवीस ज्याची त्याला गेली. मग एक परात आली, नाव म्हाळूच्या बायकोचं, आणणारी शेजारीण. शेजारणीनं लाजत कान धरले, सभा खदाखदा हसली. त्या मागोमाग धुळाजीच्या घरचा डाव निघाला तिसऱ्याच घरातून. नऊ वर्षं धुळाजीची बायको आपल्या जावेला त्या डावावरून टोमणे मारत होती. तिनं तिथल्या तिथं जावेचे हात धरले. एक वाटी अशी निघाली की तिच्यावर तीन घरांची नावं होती आणि चौथीच बाई ती घेऊन आली होती. एका ताटावर 'कै. सटवाजी यांच्या स्मरणार्थ' असं होतं, आणि त्यातच खाणाऱ्या बाईला हे सटवाजी कोण ते ठाऊक नव्हतं.

मग कुणालाच धरबंद राहिला नाही. आपलं हरवलेलं भांडं निघेल म्हणून बाया पुढं सरकू लागल्या, ज्यांच्याकडं दुसऱ्यांचं निघत होतं त्या आधीच उभ्या राहून कान धरू लागल्या, आणि ज्यांचं काहीच नव्हतं त्याही धरू लागल्या, मागं कशाला राहायचं म्हणून. तालुक्याच्या मॅडमच्या डब्यावर त्यांच्या जुन्या घरमालकिणीचं नाव निघालं. मेथीच्या जुड्या काखेत मारून मॅडमनीही कान धरले, तेव्हा टाळ्यांनी शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बसम्मा स्वतः हसून हसून डोळे पुसत होती. आपण इथं कशासाठी आलोय, हे ती घटकाभर विसरलीच.

आणि प्रणितानं तिच्या हातात पुढचं भांडं दिलं.

डोळ्यांआधी हातानं ओळखलं. तेच वजन, गळ्याशी तीच आत गेलेली रेघ. बसम्मानं तो उलटा केला. बुडाशी ठिपक्यांची अक्षरं होती. “गौराबाई,” ती माईकवर म्हणाली, “धारूर. हा माझ्या आईचा तांब्या हाय. कुणी आणला?”

अकरा वर्षांचं प्रकरण गावात कुणाला ठाऊक नव्हतं? चारशे माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या.

उठली मात्र पहिल्या रांगेतून बबिता. “अक्का, त्यो माझा हाय की. माळ्यावर पोत्यात पडून होता. तूच म्हणलीस फिरकीचा आण, म्हणून सकाळी काढला.” बोलता बोलता आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. आहेरात आला असंल, आजच्या आधी मी पोतं सोडलंच न्हाई, असं पुटपुटत ती कान धरून रडायला लागली.

प्रणितानं तांब्या हातात घेऊन फिरवला. गळ्याखाली यंत्रानं कोरलेली बारीक ओळ होती. ती तिनं मनात वाचली, सासूकडं पाहिलं आणि माईकवर तळहात ठेवला. “आत्याबाई,” ती हळू म्हणाली, “हे घरी जाऊन वाचू.”

बसम्मानं तिथंच वाचलं. अक्षर ओळखीचं होतं. सौ. बबिताबाई यांना वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट, सौ. बसम्मा शि. शेटे, दि. ९-११-१४.

तिला सगळं आठवलं. कपिलधारहून आल्यावर मधल्या खोलीतला तो ढीग, त्यातून बबितासाठी घाईघाईनं, न बघता उचललेली पाच भांडी, आपल्याच हातानं बांधलेलं पोत्याचं तोंड, आणि दुकानात धाडलेला निरोप, की सगळ्यांवर नाव घाला आणि परस्पर पोचवा. सायरानं ठेवला होता. ढिगातच ठेवला होता.

प्रणिताचा हात अजून माईकवर होता. तो तसाच राहिला असता तर बबिता कान धरून बसली असती, उद्या लोक हसून विसरले असते, आणि बसम्मा बसम्माच राहिली असती. तिनं तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. अख्खी सभा मंचाकडं बघत होती, फक्त सायरा आपलं फडकं घडी करून पिशवीत ठेवत होती. या बाजूनं काही येईल अशी वाट बघणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. ते बसम्माच्या काळजाला लागलं.

तिनं प्रणिताचा हात बाजूला केला आणि ती ओळ मोठ्यानं वाचली, पहिल्यापासून तारखेपर्यंत. घंगाळांपाशी उभ्या असलेल्या शिवलिंगप्पांनी तारीख ऐकून मान वर केली आणि म्हणाले की तारीख टाकली म्हणजे काम माझंच असणार. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

“सायरा खरं बोललती,” बसम्मा माईकवर म्हणाली. “तांब्या मीच आहेरात दिला, आन् आकरा वर्सं तिला चोर केलं.” मग तिनं माईक आणि तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कान धरले. डोक्यावरचा पदर घसरला, तो सावरायला हात मोकळा नव्हता.

आता कुणी हसलं नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते मॅडमनाही कळेना. सायरा उठली. बायांमधून वाट काढत मंचावर आली. आधी तिनं बसम्माचा पदर डोक्यावर घेतला, मग तिचे दोन्ही हात धरून खाली केले.

“सोड,” ती म्हणाली. “साठीची झालीस.”

बसम्माला रडू आवरेना. सायरानं तांब्या उचलला, झाकण फिरवून उघडलं, आत बघितलं, घासतानाचं घोटभर पाणी होतं, झाकण पुन्हा फिरवून बसवलं. तो उपडा करून हलवला. एक थेंब सांडला नाही.

“फिरकी अजून घट्ट हाय,” सायरा म्हणाली. “परवा थोरल्या लेकीकडं चाललेय, उदगीरला. नेऊ का?”

बसम्मानं मान हलवली. माईक खाली ठेवला होता तरी चालू होता, त्यामुळं तिचं नाक ओढणं पार हायवेपर्यंत ऐकू गेलं. मग मात्र जो हशा पिकला त्यात दोघीही सापडल्या, आणि बबिता तर इतकी हसत सुटली की कान धरलेलेच विसरून गेली. सभेचा सगळा कचरा एका पाटीत मावला. म्हाळूची शेळी पटांगणभर मोकळ्या शिंगांनी हिंडली आणि तिला खायलासुद्धा काही सापडलं नाही. मॅडमनी अहवालात या सभेला तालुक्यात पहिला नंबर दिला. बसम्मानं तो ऐकला की नाही कोण जाणे. ती सायराच्या ओट्यावर चहा पीत होती.

सायरा चौथ्या दिवशी उदगीरहून परतली. बसम्मा घरातच होती, मधली खोलीही उघडीच होती. पण सायरा आत गेली नाही. गल्लीच्या मधोमध उभी राहून तिनं हाक मारली, बसम्माला बाहेर बोलावलं, बबिताला बोलावलं, दुकानातून शिवलिंगप्पांना बोलावलं. चार दारं उघडल्यावर तांब्या बसम्माच्या हातात दिला, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आता म्हण,” ती म्हणाली.

आणि बसम्मा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “मिळाला गं बाई, मिळाला.”